बायरननंतर कोण? म्युलर, ह्यूगो, लामार्तिन की पुश्किन

तुर्की सत्तेविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाची बाजू घेणाऱ्या परदेशी कवींवरची इंग्रज कवी बायरनची छाप तपासायची आहे, आणि प्रबंधासाठी किंवा अनुवादासाठी कवी एकच निवडायचा आहे? मग आधी वहीत एक तारीख लिहून ठेवा : १९ एप्रिल १८२४. या दिवशी बायरन ग्रीसमधल्या मिसोलोंगी गावी तापाने गेला. त्याआधी लिहिणाऱ्याने बायरनची कविता वाचलेली असते. नंतरच्याने बहुधा त्याचा मृत्यूच वाचलेला असतो. दोन्ही प्रभाव एका गाठोड्यात बांधले की मांडणी तिथेच फसते.

दुसरी चूक मूळ बायरनबाबत होते. त्याच्या ‘डॉन जुआन’ या दीर्घकाव्याच्या तिसऱ्या सर्गातलं ग्रीक बेटांचं १६ कडव्यांचं गाणं काव्यसंग्रहांत सुटं छापतात. मूळ काव्यात ते वारा येईल तशी पाठ फिरवणाऱ्या एका भाट कवीच्या तोंडी आहे. ती चौकट वाचल्याशिवाय तुलनेला बसू नका. बायरनच्या चाहत्यांनी गाणं उचललं, उपरोध मागे राहिला.

तारखेची कसोटी सर्वांत चांगली लागते ती जर्मन कवी विल्हेल्म म्युलरला. त्याची ग्रीक गीतं १८२१पासून येऊ लागली, म्हणजे बायरन जिवंत असताना. बायरनवरची कविता त्याच्या मृत्यूनंतरची. एकाच कवीत दोन्ही टप्पे मिळतात. तो स्वतः ग्रीसला कधीच पोचला नाही. (शूबर्टने चाली लावलेल्या ‘हिवाळी प्रवासा’चा कवी तो हाच. आपल्या जुन्या पुस्तकांतले मोक्षमुल्लर, म्हणजे १८९८ साली टिळकांच्या सुटकेसाठीच्या अर्जावर सही करणारे मॅक्स म्युलर, हे त्याचे चिरंजीव.) अनुवादकाची गाठ मात्र छंदाशी पडते. मुंकाचच्या किल्ल्यात कैद असलेल्या इप्सिलांती या ग्रीक उठावाच्या नेत्यावरच्या कवितेची पहिली ओळ १५ अक्षरांची आहे, आठव्या अक्षरावर विराम. मालिनी वृत्तातही १५ अक्षरं आणि यति आठव्यावरच, म्हणून मोह होतो. पण मालिनीची पहिली सहाही अक्षरं लघु हवीत. ‘आलेक्झांडर इप्सिलांती’ तिथे बसत नाही. लघु-गुरूंचा आग्रह सोडून ८ आणि ७ अक्षरांची साधी ओळ घ्या.

फ्रेंच कवी व्हिक्टर ह्यूगो वाचायला सर्वांत सोपा, प्रभाव दाखवायला सर्वांत निसरडा. ‘पौर्वात्य कविता’ हा त्याचा संग्रह १८२९चा. तुर्कांनी खिओस बेटावर केलेली ग्रीकांची कत्तल १८२२ची, आणि तिच्यावरची ‘मूल’ ही कविता जून १८२८ची. फूल हवं, फळ हवं, की पक्षी, असं विचारल्यावर ते मूल दारू आणि गोळ्या मागतं. ही दारू बंदुकीची, हे मराठीत स्पष्ट लिहावं लागेल, नाहीतर शेवटची ओळ हास्यास्पद होते. ओळींची मापं १२, १२, ८ अशी असल्याने तिसरी ओळ आखूडच ठेवा. बायरनची उघड खूण मात्र याच संग्रहातल्या ‘माझेप्पा’वर आहे, माथ्यावर बायरनचेच शब्द, आणि त्या कवितेत ग्रीस नाही. त्यामुळे ह्यूगो घेतलात तर ‘बायरनचा प्रभाव’ हे शीर्षक बदलून ‘बायरननंतरचं वातावरण’ असं काहीतरी करा.

फ्रेंच कवी लामार्तिनने १८२५ साली हॅरल्डच्या यात्रेवरच्या बायरनच्या दीर्घकाव्याला शेवटचा सर्ग जोडला. प्रभाव इतका उघड की शोधायला फारसं काही उरत नाही. त्यातल्या इटलीवरच्या ओळींमुळे पुढच्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये एका इटालियन अधिकाऱ्याशी द्वंद्व होऊन कवीच्या हाताला जखम झाली, हा भाग काव्यापेक्षा जास्त वाचनीय आहे.

पुश्किन रशियन येत असेल तरच घ्या. इप्सिलांतीने १८२१मध्ये उठावासाठी प्रुत ही सरहद्दीवरची नदी ओलांडली तेव्हा पुश्किन जवळच किशिनेव शहरात होता, आणि ग्रीकांविषयीचा त्याचा सुरुवातीचा उत्साह पुढे ओसरला. १८२४च्या ‘समुद्रास’ या कवितेत बायरनचा शोक आहे, तो नेपोलियनच्या शेजारी, ग्रीसचं नावही नाही.