स्पेस कन्स्ट्रेंट रिलीफ: डेटा हलवताना काही महिने वापरल्यावर

आमच्या नाशिकच्या टीमकडे एका परदेशी विमा कंपनीच्या मेनफ्रेमचं (मोठ्या मध्यवर्ती संगणकाचं) स्टोरेज आहे. गेले काही महिने जुन्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर हलवण्याचं काम चालू आहे. त्यांची शनिवार रात्र म्हणजे आमची रविवार सकाळ, त्यामुळे गंगापूर रोडवरच्या ऑफिसात टेबलावर मिसळ आणि स्क्रीनवर जॉब लॉग (मशीनवर चाललेल्या कामांची नोंद) असं चित्र नेहमीचंच. या काळात डीएफएसएमएस या आयबीएमच्या स्टोरेज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डेटा क्लासमधली (नव्या डेटासेटचे, म्हणजे फाइलचे, गुणधर्म ठरवणाऱ्या यादीतली) ‘स्पेस कन्स्ट्रेंट रिलीफ’ ही जागेच्या अटी सैल करणारी सोय आम्ही मनापासून वापरली.

ती चालू करायला कारण ठरला एक जॉब. प्रायमरी, म्हणजे डेटासेटला सुरुवातीलाच लागणारी जागा, ३००० सिलिंडर (डिस्कवरची जागा मोजायचं एकक) मागितली होती आणि ॲलोकेशन (जागा मिळणं) फेल. टीममधली नवी मुलगी म्हणाली, “सर, ग्रुपमध्ये एवढी जागा रिकामी आहे, तरी इनसफिशियंट स्पेस म्हणतोय.” तिला ग्रुपमधल्या एकेका व्हॉल्यूमची (डिस्कची) मोकळी जागा उघडून दाखवली. ज्या व्हॉल्यूमवर ५००० सिलिंडर मोकळे होते, तिथेही ती जागा तुकड्यातुकड्यांत विखुरलेली होती. प्रायमरी जास्तीत जास्त पाच एक्स्टेंटमध्ये (सलग तुकड्यांमध्ये) बसावी लागते आणि तिथले सर्वांत मोठे पाच तुकडे मिळूनही ३००० भरत नव्हते. ग्रुपची टक्केवारी बघून निर्धास्त राहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तो आकडा या प्रश्नाचं उत्तर देत नाही. मेसेजमध्ये कोणत्या कारणाने किती व्हॉल्यूम नाकारले ते दिलेलं असतं. आधी ते वाचा. कधी व्हॉल्यूम ऑफलाइन असतो, कधी कोणीतरी डिसएबल करून ठेवलेला असतो, आणि तिथे जागा वाढवून काहीच होत नाही.

रिलीफ चालू केल्यावर पाच एक्स्टेंटची अट सैल होते. व्हॉल्यूम काउंट (डेटासेटला किती व्हॉल्यूम वापरता येतील तो आकडा) एकापेक्षा जास्त असेल तर मागणी अनेक व्हॉल्यूमवर वाटली जाते आणि ठरवून दिलेल्या टक्क्यांपर्यंत कमीही केली जाते. सुरुवातीलाच पडणारे जॉब यामुळे खरोखर कमी झाले, याबद्दल मी समाधानी आहे.

पण टक्क्यांबाबत माझं मत ठाम आहे. प्रॉडक्शनला ते शून्यच ठेवावेत. मागणी कापून दिली, किंवा साध्या सिक्वेन्शियल (क्रमाने लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या) डेटासेटचे त्या व्हॉल्यूमवरचे सोळाच्या सोळा एक्स्टेंट प्रायमरीतच संपले, तर सेकंडरीची (जास्तीच्या जागेची) वेळ आल्यावर जॉब बी३७ (जागा संपल्याचा एरर) घेऊन मध्येच पडतो. पहिल्या मिनिटाला पडलेला जॉब परत लावता येतो, पण चार तास चालून पडलेला जॉब अख्खी विंडो (कामासाठी मिळालेली वेळ) खातो. म्हणून रिलीफसोबत डायनॅमिक व्हॉल्यूम काउंटही द्यावा, म्हणजे डेटासेटला पुढच्या व्हॉल्यूमवर जाता येतं.

काही ठिकाणी ही सोय उपयोगाचीच नाही. जुने मॉडेल ३ व्हॉल्यूम ३३३९ सिलिंडरचे, नवे मॉडेल ५४ चे ६५,५२० सिलिंडरचे. साध्या सिक्वेन्शियल डेटासेटला एका व्हॉल्यूमवर ६५,५३५ ट्रॅक, म्हणजे एका सिलिंडरला १५ ट्रॅकच्या हिशोबाने ४३६९ सिलिंडर, एवढीच मर्यादा असते. जुन्या डिस्कवर ती आड यायचं कारणच नव्हतं, कारण व्हॉल्यूमच त्याआधी संपायचा. मोठ्या व्हॉल्यूमवर आल्यावर ती समोर उभी राहते, आणि साधा उपाय म्हणजे डेटासेट टाइप ‘लार्ज’ करणे. व्हीटीओसीचंही, म्हणजे व्हॉल्यूमवरच्या डेटासेटच्या सूचीचंही, तेच. एका ट्रॅकवर ५० डीएससीबी (त्या सूचीतल्या नोंदी) बसतात. जुन्या अंदाजाने लहान व्हीटीओसी आखली आणि दहा-बारा व्हॉल्यूममधले बारीकसारीक डेटासेट एका मोठ्यावर आणले, तर सिलिंडर शिल्लक असूनही नवीन डेटासेट घेता येत नाही. व्हॉल्यूम इनिट करतानाच (वापरासाठी तयार करतानाच) ती ऐसपैस ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला, कारण रिलीफ घेतल्याची नोंद जॉबच्या मेसेजमध्ये येते आणि जॉब यशस्वी झाला की तो लॉग सहसा कोणी उघडत नाही. आम्ही आता दर आठवड्याला ते मेसेज शोधून काढतो. जे व्हॉल्यूम वारंवार दिसतात, त्यांना पुढच्या विंडोत डीफ्रॅग (विखुरलेली मोकळी जागा एकत्र आणणं) लावतो.