फिनलंडची शाळा आणि बीडचा कोयता

‘फिनलंडसारख्या शाळा काढा’ असं म्हणतात. कायदा पाहिला तर शिक्षण फिनलंडमध्ये आणि आपल्याकडे, दोन्हीकडे फुकटच. आपल्याकडे २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या मुलांचा तो हक्क आहे. फिनलंडने २०२१ मध्ये शिक्षणाची सक्ती वयाच्या अठरापर्यंत नेली. दुपारचं जेवण तिथं १९४८ पासून, आपल्याकडची खिचडी आठवीपर्यंत. शाळा पाच किलोमीटरपलीकडे असेल तर तिथं ने-आणही सरकारी खर्चाने. इथवर फरक आहे, पण डोळे पांढरे व्हावेत असा नाही.

खरा फरक दसरा-दिवाळीच्या सुमारास दिसतो. बीड, धारूर, केजकडच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. मागं आजी असली तर पोरगं हंगामी वसतिगृहाच्या (तोडीच्या महिन्यांत मागं राहिलेल्या मुलांची गावातली सोय) आधारानं शाळेत टिकतं. नसली तर आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जातं. थोरली पोरगी तिथं धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. इकडं हजेरीपटावर तिचं नाव मात्र शाबूत! मार्च-एप्रिलला परत येते तोवर वर्गाचा भागाकार शिकून झालेला असतो.

फिनलंडमध्ये बापाची नोकरी गेली तरी बेकारी भत्त्यावर घर तगतं, पोराला गाव सोडावं लागत नाही. म्हणून ‘तिकडच्यासारख्या शाळा काढा’ हे मला अर्धवट वाटतं. संगणक येतील, उचलीचं काय? माझ्या हाती पैसा असता तर आधी वसतिगृहाला दिला असता, आणि तोही गाड्या निघायच्या आधी.