लोझ्नित्सा पाहायचा तर आधी 'मैदान' की 'डोनबास'?

युक्रेनचे दिग्दर्शक सेर्गेई लोझ्नित्सा यांच्या सिंहावलोकनात (एकाच दिग्दर्शकाच्या चित्रपटांच्या मालिकेत) माहितीपट आणि कथापट शेजारी असतात. एकेकच निवडायचा, तर माहितीपट 'मैदान' (2014) आणि कथापट 'डोनबास' (2018) घ्या.

'मैदान' युक्रेनची राजधानी कीव्हच्या चौकातल्या सरकारविरोधी आंदोलनाचा, डिसेंबर 2013 ते फेब्रुवारी 2014. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, नायक नाही. संदर्भापुरत्या काळ्या पडद्यावरच्या पाट्या. कॅमेरा जवळजवळ पूर्णवेळ स्थिर, एकेक शॉट मिनिटांनी मोजावा असा. सुरुवातीला राष्ट्रगीत गाणारी गर्दी दिसते. कुणाकडे पाहायचं हे आपण ठरवायचं. बरेच प्रेक्षक इथेच कंटाळतात, कारण ते 'मुख्य पात्र' शोधत बसतात. त्याऐवजी कान द्या: मंचावरची भाषणं, गाणी आणि पुढे स्फोट. बरीचशी गोष्ट आवाजातच आहे, म्हणून हा मोबाइलवर पाहू नये.

'डोनबास' उलट: पूर्व युक्रेनमधल्या याच नावाच्या युद्धग्रस्त भागातला. तेरा प्रसंग, बरेचसे इंटरनेटवरच्या हौशी व्हिडिओंवर बेतलेले, पण नटांकडून करवून घेतलेले. ओलेग मुतू यांचा कॅमेरा इथे पात्रांच्या मागे धावतो. पहिल्याच प्रसंगात मेकअप केलेली माणसं स्फोटाच्या जागी 'साक्षीदार' म्हणून टीव्हीसमोर बोलतात. हा धागा सुटला, तर शेवट कळत नाही; उशिरा शिरू नका. गोव्याच्या इफ्फी महोत्सवात 2018 चा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण मयूर, याचाच.

क्रम आमच्या मते ठाम: आधी 'मैदान'. खरी गर्दी डोळ्यांत बसली की 'डोनबास'मधला बनाव लगेच ओळखू येतो. दोन्ही एकाच दिवशी मात्र नकोत.