नागदेवीतलं मशीन रिपेरिंगचं दुकान: काम चोख, गाढवपणा माझा

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहितो, आधी मशीन तिथे गेलं कशाला ते ऐका.

मी एसी फिटिंग करतो, राहायला लालबागला. माझ्याकडे बॉशचं जीबीएच २-२६ हे हॅमर ड्रिल मशीन आहे, ८०० वॅटचं, काँक्रीटमध्ये २६ मिमीपर्यंत होल मारतं, आणि वजन पावणेतीन किलोच्या आसपास, त्यामुळे खिडकीबाहेर लटकून आउटडोअरच्या स्टँडचे फास्टनर मारताना हात भरून येत नाही. साडेतीन वर्षांत एकदा कार्बन (मोटरला करंट देणारे, घासून झिजणारे तुकडे) बदलले, बाकी काही नाही. तर एप्रिलमध्ये, ऐन सीझनला, आमच्याच बिल्डिंगमधला एक जण आला, दादा दोन होल मारायचेत संध्याकाळी आणून देतो. आता गणपतीत वर्गणीला जो आपल्याबरोबर दारोदार फिरतो त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? दिलं.

त्याची संध्याकाळ पाच दिवसांनी झाली. मशीन आणून दिलं, वर म्हणतो जरा गरम होतंय बघा. पेटीत साइड हँडल नाही, होलची खोली ठरवायचा डेप्थ रॉड नाही, १२ मिमीच्या बिटचं टोक गोल झालेलं. दुसऱ्या दिवशी परळला कस्टमरच्या घरी पहिल्याच होलला ठिणग्या, मग जळका वास, मग बंद. कस्टमरसमोर जी शोभा झाली ती वेगळीच.

मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवीत गेलो. दुकान म्हणजे जेमतेम एक टेबल आणि मागे फळीवर उघडी पडलेली मशीनं. मिस्त्रींनी माझ्यासमोरच खोललं. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, काळं ठिक्कर, कार्बन नखाएवढे उरलेले, आणि आत सगळीकडे पांढरी पावडर, ग्रीसमध्येसुद्धा कालवलेली. बोटावर चोळून बघितली आणि चष्म्यावरून विचारलं, "मशीन दिलं होतंत का कोणाला?" मी गप्प. "बाथरूम फोडलंय याने. टाइल्सचा भुगा आहे हा. आणि वर फडकं गुंडाळलं होतं बहुतेक, हवेच्या जाळीत धागे अडकलेत."

नंतर विचारलं तर खरंच निघालं. मशीन हाताला चटके देत होतं म्हणून पठ्ठ्याने वरून टॉवेल गुंडाळला आणि वर दोन दिवस छिन्नी लावून अख्खं बाथरूम फोडलं, तेही घरातल्या बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर! या मशीनला छिन्नीचा मोड आहे, नाही असं नाही, पण तो कुठे प्लास्टर काढ, एखादी टाइल उचल एवढ्यापुरता. फोडाफोडीला ब्रेकर, म्हणजे तोडफोडीचं वेगळं जड मशीन, लागतो. जाळी बंद केली की मोटर थंड होणार कशी, आणि बारीक वायरवर व्होल्टेज पडतं मग ती अजून तापते. साइड हँडल नसताना बिट सळईत अडकलं असतं तर मनगटच पिरगळलं असतं आणि ते पण माझ्याच नावावर आलं असतं.

दुकानाचं सांगायचं तर प्रामाणिक आहेत. भाव आधी सांगितला आणि तेवढाच घेतला. आर्मेचर, कार्बन, ग्रीस, मजुरी सगळं धरून २,३५०. जुनं आर्मेचर न मागता पिशवीत घालून दिलं, हे फार कमी जण करतात. आता मशीन पहिल्यासारखं चालतंय, आवाजही तोच. स्टार कापला तो यासाठी की उद्या या म्हणाले आणि चौथ्या दिवशी दिलं, तेवढ्यात माझी दोन इन्स्टॉलेशन दुसऱ्याकडे गेली, हेल्परचा रोज मात्र द्यावाच लागला.

हे लोक ब्रेकर भाड्यानेही देतात. माझ्यासमोर एकाला दिला तर डिपॉझिट, आधारची झेरॉक्स आणि चिठ्ठीवर एक एक वस्तू लिहिलेली, हँडल १, छिन्नी २, पेटी १, खाली सही. रोजच्या गिऱ्हाइकाला! मी ते बघत बसलो होतो, मांडीवर जळकं आर्मेचर.

आमचा शेजारी अर्धे पैसे देतो म्हणालाय, पगार झाला की. वॉरंटी संपलेलीच होती, असती तरी असल्या वापराला कोण देतंय. हँडल नवीन घेतलं तिथूनच. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, नंतर हातगाड्यांमधून वाट काढताना जीव जातो, आणि रविवारी बंद असतं.