ध्येय समोर लागतं, मग सँडबॉक्स गेम घ्यावा का?

माइनक्राफ्ट सुरू करणाऱ्यांपैकी काही जण पहिल्या रात्रीनंतर परत येत नाहीत. झाडं तोडून झाली, चार भिंती उभ्या केल्या, बाहेर झॉम्बी फिरत असताना रात्र काढली, उजाडलं. पुढे काय? पडद्यावर उत्तर नाही. कुणाला या क्षणी सगळं जग आपलं वाटतं, तर कुणाचा हात माउसवर तसाच थांबतो. तुम्ही या दुसऱ्यांपैकी असाल, मिशन, बॉस (टप्प्याच्या शेवटी येणारा तगडा शत्रू), टप्पे आणि शेवट स्पष्ट असलेले गेम तुम्हाला आवडत असतील, आणि तरी ज्यांचं इतकं कौतुक होतं ते मोकळे, म्हणजे काय करायचं हे खेळाडूवर सोडणारे सँडबॉक्स गेम एकदा घेऊन बघावेत का असा विचार चालू असेल, तर खालची तुलना उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगते. गेम किती मोकळा आहे यावरून फारसं काही ठरत नाही. बघायचं ते असं, की ध्येय कोण ठरवतं आणि ते गाठलं हे तुम्हाला कोण सांगतं. या दोनपैकी किमान एक काम गेमने स्वतःकडे घेतलं असेल, तर ध्येयाची ओढ असलेला खेळाडू तिथे रमतो, कधी कधी मोकळेपणाची आवड असलेल्यापेक्षाही जास्त. दोन्ही कामं तुमच्यावर सोडली असतील, तर तो गेम कितीही गाजलेला असो, घेऊ नका.

आधी स्वतःला ओळखा

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये ऑनलाइन खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते. काहीतरी साध्य करू पाहणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. ‘मला ध्येय लागतं’ म्हणणारे यातल्या पहिल्या गटात जातात खरे, पण माझ्या अनुभवात त्या गटातही दोन वेगळी माणसं असतात. एकाला ‘हे कर’ असं सांगणारं कुणीतरी हवं असतं. दुसऱ्याला काय करायचं हे सांगितलं नाही तरी चालतं, पण आपण पुढे सरकतोय याचा पुरावा हवा असतो: आकडा वाढला, कुलूप उघडलं, नवं यंत्र मिळालं.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या माणसासाठी सँडबॉक्समध्ये खजिना आहे आणि पहिल्यासाठी निवड बरीच अरुंद आहे. ओळखायची सोपी खूण अशी: गेममधली मुख्य कथा संपल्यावर तुम्ही काय करता? राहिलेली अचीव्हमेंट (ठरावीक कामगिरीबद्दल मिळणारी पदकं) गोळा करत बसत असाल, तर तुम्ही दुसरे. शेवटची नावं सरकायला लागली की समाधानाने गेम काढून टाकत असाल, तर पहिले.

रोजच्या खेळात फरक कुठे पडतो

आखलेल्या गेमचं उदाहरण म्हणून २००७ चा ‘पोर्टल’ घ्या. एकामागून एक १९ चाचणी-खोल्या, प्रत्येकीतून बाहेर पडायचं दार, आणि खोलीबाहेर पडलात म्हणजे कोडं सुटलं. चुकलात तर लगेच कळतं. अडकलात तरी अडचण याच खोलीत आहे आणि उत्तरही इथेच आहे याची खात्री असते. ही खात्री फार मोलाची आहे. ती असली की माणूस तासभर एका भिंतीकडे बघत बसतो आणि कंटाळत नाही.

मोकळ्या गेममध्ये नेमकी हीच खात्री नसते. माइनक्राफ्टमध्ये हिरे सापडत नसतील, तर जमिनीखाली चुकीच्या पातळीवर खणताय, नशीब साथ देत नाहीये, की मुळात आत्ता हिऱ्यांची गरजच नाही? तिन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. आखलेल्या गेममध्ये अपयशाचा अर्थ लागतो, इथे तो तुम्हाला लावावा लागतो. ध्येय नसण्यापेक्षा हा गोंधळच लोकांना जास्त थकवतो, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा फरक खंड पडल्यावर कळतो. नोकरी, परीक्षा, घरचं काही, आणि दोन-तीन आठवडे गेम उघडलाच नाही. आखलेला गेम परतल्यावर तुम्हाला तिथेच उभं करतो, पुढचं मिशनही समोर लिहिलेलं असतं. सँडबॉक्समध्ये परतलात की समोर अर्धवट बांधलेला बेस, पेट्यांमध्ये भरलेलं लोखंड आणि दगड, आणि हे आपण कशासाठी जमवत होतो ते आठवत नाही. अनेक चांगली जगं याच ठिकाणी कायमची बंद पडतात. म्हणून ज्यांना आठवड्यातून जेमतेम एकदा खेळायला मिळतं, त्यांनी ही बाब सगळ्यात आधी विचारात घ्यावी.

मोकळ्या गेमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे आणि ती कमी लेखू नये. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार माणसाची आतली ओढ तीन गरजांवर उभी असते: स्वतः निवडण्याची मुभा, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि इतरांशी नातं. आखलेला गेम दुसरी गरज उत्तम भागवतो, पहिली बेताचीच. सबंध कारखाना स्वतःच्या डोक्याने उभारून तो चालू होताना बघण्यात या दोन्ही एकदम भागतात, आणि तो आनंद दुसऱ्याने आखलेल्या वाटेवर तितकासा मिळत नाही.

एकच गेम, दोन तऱ्हा

सगळ्यात स्वच्छ तुलना ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या एकाच गेममध्ये करता येते. रॉकेट बांधायचं, उडवायचं, कक्षेत न्यायचं. सँडबॉक्स मोडमध्ये पहिल्या मिनिटापासून सगळे सुटे भाग उघडे असतात, पैशाची अट नाही, कुणी काही मागत नाही. करिअर मोडमध्ये भौतिकशास्त्र तेच, ग्रह तेच, पण सुरुवातीला मोजकेच भाग मिळतात आणि कंत्राटं येतात: अमुक उंची गाठा, कक्षेत जा, अमुक भाग अमुक वेगात तपासून दाखवा. त्यातून पैसे, विज्ञानाचे गुण आणि नाव मिळतं, आणि त्यांच्या जोरावर पुढचे भाग उघडतात.

ध्येय लागणाऱ्याने सँडबॉक्स मोडपासून सुरुवात केली तर तो बहुधा शेकडो सुट्या भागांच्या यादीत हरवतो. तोच माणूस करिअर मोडमध्ये चंद्रावर पाय ठेवतो आणि परतीला इंधन उरलं नाही म्हणून दुसऱ्या यानाची बचावमोहीमही आखतो. त्या मोहिमेचं कंत्राट त्याला कुणीही दिलेलं नसतं. गेमने आधी काही ध्येयं दिली, त्यातून हात बसला, मग स्वतःची ध्येयं आपोआप सुचली. हा क्रम लक्षात ठेवा.

‘नो मॅन्स स्काय’चा प्रवासही असाच. २०१६ मध्ये तो अब्जावधींच्याही पलीकडच्या ग्रहांसह आला, आणि एवढ्या मोठ्या जगात करायचं काय अशी तक्रार मोठ्या प्रमाणात झाली. पुढच्या वर्षांत त्यात बरंच काही जोडलं गेलं, पण ध्येय लागणाऱ्यांसाठी खरा बदल २०२१ मध्ये एक्सपिडिशन सुरू झाल्यावर झाला. सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणी, टप्प्याटप्प्याने ठरलेली कामं, प्रत्येक कामाला बक्षीस आणि मोहिमेला ठरावीक मुदत. तेच विश्व, पण आता त्याला दिशा आहे. हा गेम घेतलात तर एक्सपिडिशनमधूनच आत शिरा.

ज्यांना कणा आहे असे सँडबॉक्स

माझी शिफारस मुख्यतः याच गटातली आहे. बांधायला, भटकायला पूर्ण मोकळीक, पण मधोमध एक कणा, जो कुठे जायचं ते सांगत राहतो.

‘फॅक्टोरिओ’ यांत पहिला. परक्या ग्रहावर अडकला आहात, रॉकेट सोडायचं आहे. मूळ गेमचं ध्येय एवढंच, आणि ते पहिल्यापासून माहीत असतं. पण रॉकेटसाठी संशोधन हवं, संशोधनासाठी रंगीत बाटल्या हव्यात, आधी लाल, मग हिरव्या, पुढे निळ्या, आणि प्रत्येक रंगासाठी कारखान्याचा नवा भाग. लाल बाटल्यांना तांबं आणि लोखंड पुरतं, निळ्यांसाठी तेल काढावं लागतं. म्हणजे ‘पुढे काय’ हा प्रश्न इथे कधीच रिकामा राहत नाही. उत्तर कायम एकच असतं: जिथे माल अडला आहे, ते सोडवा. माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची मांडणी मात्र सर्वस्वी तुमची. पुराव्याच्या शोधात असलेल्या त्या दुसऱ्या माणसासाठी याहून चांगला सँडबॉक्स मला माहीत नाही. शिवाय ज्याला आणखी कडक ध्येय हवं, त्याच्यासाठी ८ तासांत गेम पूर्ण करण्याचं एक अचीव्हमेंटही आहे.

‘सॅटिसफॅक्टरी’ याच जातीचा, पण त्रिमितीय आणि शांत. २०२४ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. तयार भाग वर पाठवायच्या अंतराळ-लिफ्टसाठी कोणते भाग किती लागतील ते लिहिलेलं असतं, आणि शत्रू तुमच्या कारखान्यावर चालून येत नाहीत. धावपळ नको असेल तर फॅक्टोरिओऐवजी हा घ्या.

‘व्हॅलहाइम’ची रचना मला विशेष आवडते, कारण तिथे ध्येय आणि साधन एकमेकांत गुंतलेलं आहे. पहिला बॉस मारला की त्याची शिंगं मिळतात, शिंगांची कुदळ होते, कुदळीने तांबं आणि कथील काढता येतं. दुसरा बॉस दलदलीतल्या तळघरांची किल्ली देतो, तिथे लोखंड आहे. बॉस कुठे आहे हे दाखवणारे दगड जगात विखुरलेले असतात आणि एक बोलका कावळा अधूनमधून सल्ला द्यायला येतो. गेमने हात धरलाय असं कुठेच वाटत नाही, आणि वाटही चुकत नाही.

‘टेरारिया’तही बॉसची अशीच चढती ओळ आहे, शेवटी मून लॉर्ड. फक्त तिथली वाट गेम स्वतः कमी सांगतो. गाइड नावाच्या पात्राला एखादी वस्तू दाखवली की तिच्यापासून काय काय बनतं हे तो सांगतो, पण बऱ्याच गोष्टींसाठी विकी उघडावी लागते. ते चालणार असेल तरच घ्या.

कथा हवी असणाऱ्या पहिल्या माणसासाठी ‘सबनॉटिका’. यान कोसळलंय, चहूबाजूंनी समुद्र, सुरुवातीला जेमतेम ४५ सेकंदांचा श्वास. रेडिओवर संदेश येतात, ते एकेका ठिकाणाकडे नेतात आणि दर वेळी थोडं अधिक खोल जावं लागतं. खोलीच इथे लेव्हलचं काम करते: छोटी पाणबुडी आधी २०० मीटरपर्यंतच टिकते, सुधारणा करत गेलात की ९०० पर्यंत. गेममध्ये नकाशा नाही, त्याचा काहींना त्रास होतो. पण कथेला खरा शेवट आहे, आणि तो गाठल्यावर काहीतरी पूर्ण केल्याची भावना येते.

‘स्टारड्यू व्हॅली’ शेतीचा निवांत गेम म्हणून ओळखला जातो, पण यादी पूर्ण करायला आवडणाऱ्यांना तो चांगलाच पकडून ठेवतो. पडक्या समाज-केंद्रातल्या प्रत्येक खोलीला ठरावीक वस्तू हव्या असतात, ऋतू २८ दिवसांचा, आणि त्या ऋतूचं पीक राहिलं तर सहसा पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.

आणि माइनक्राफ्ट? त्यात शेवट आहे, ड्रॅगन आहे, तो मारल्यावर नावंसुद्धा सरकतात. पण तिथवरची साखळी, म्हणजे नेदरमध्ये उतरणं, ब्लेझच्या कांड्या, एंडरचे मोती, त्यांचे डोळे, १२ चौकटींचं दार, ही बहुतेकांना गेमबाहेरूनच कळते. ध्येय लागणारा माणूस मग व्हिडिओ बघत एकेक पायरी उरकतो, आणि शोधण्याची मजा निघून जाते. एकट्याने खेळणार असाल तर माझ्या यादीत तो खाली आहे. मित्रांचा सर्व्हर असेल तर चित्र पालटतं, कारण मग ध्येयं माणसांकडून येतात: उद्यापर्यंत पूल पूर्ण हवा, रविवारी ड्रॅगनवर जायचं.

‘स्वतःच ध्येय ठरव ना!’

हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अडचण ध्येय सुचण्याची नसतेच, किल्ला बांधू असं कुणालाही सुचतं. अडचण ही, की स्वतः ठरवलेलं ध्येय कधीही सोडता येतं आणि सोडल्याने जगात काहीच बदलत नाही. किल्ला अर्धा राहिला तरी झॉम्बी तेच आणि सूर्योदयही तोच. त्याला वजन नसतं.

वजन आणायचे काही उपाय आहेत. ध्येयामागे गेमचीच एखादी गरज जोडा: नुसता किल्ला नको, गावकऱ्यांचं रात्रीच्या हल्ल्यांपासून रक्षण करणारा तट बांधा, म्हणजे तो पुरा झाला की नाही हे गेमच सांगेल. माइनक्राफ्टचा हार्डकोर मोड निवडला तर मरणं कायमचं ठरतं आणि प्रत्येक निर्णय जड होतो. खेळ थांबवण्याआधी गेममधल्या पाटीवर पुढचं काम लिहून ठेवा, खंड पडल्यावर तीच पाटी वाचवते. हे सगळं वाचूनच दमायला होत असेल, तर ते संपूर्ण मोकळे गेम तुमच्यासाठी नाहीत आणि त्यात काही कमीपणाही नाही.

मग नेमकं काय घ्यायचं

पुरावा हवा असेल तर फॅक्टोरिओ, कथा हवी असेल तर सबनॉटिका, मित्रांसोबत खेळायचं असेल तर व्हॅलहाइम. मोकळं जग हवं पण बांधकाम नको असेल, तर सँडबॉक्सचा नाद सोडून ओपन वर्ल्ड बघा, म्हणजे जग मोकळं पण ध्येय ठरलेलं असे गेम. २०१७ चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ सुरुवातीच्या पठारावर चार देवळं करून घेतो आणि मग खलनायकाकडे बोट दाखवून तुम्हाला सोडून देतो. थेट जा किंवा १२० देवळं पालथी घाला. गॅरीज मॉड या ध्येयच नसलेल्या गेमचं मोकळं मैदान आणि सगळं साहित्य आयतं देणारा माइनक्राफ्टचा क्रिएटिव्ह मोड तूर्त बाजूला ठेवा.

विकत घेण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर साधारणपणे पैसे परत मिळतात. आखलेला गेम २ तासांत कळतो. सँडबॉक्स तेवढ्यात कळत नाही, पहिले २ तास दगड फोडण्यात जातात. फॅक्टोरिओचा डेमो फुकट आहे, सुरुवात तिथून करा. डेमो संपताना पट्टा कुठे वळवायचा याचाच विचार डोक्यात असेल, तर पूर्ण गेम घ्यायला हरकत नाही.