हॉलस्टॅट: फोटो काढून पळू नका, मिठाच्या खाणीत जा

ऑस्ट्रियातल्या हॉलस्टॅटला मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा एका टूर कंपनीबरोबर, बसमधून उतरवलं, दीड तास दिला, तळं आणि चर्चचा मनोरा असा तो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतो तोच फोटो काढला की परत बस. घरी आल्यावर काय बघितलंस विचारलं तर सांगायला काही नव्हतं, खूप वाईट वाटलेलं तेव्हा. ह्या वेळी आई-बाबांना घेऊन आपले आपण गेलो, एक रात्र राहिलो, आणि आता कुणी विचारलं तर तासभर बोलू शकतो.

शक्यतो ट्रेननेच जा. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठाला आहे, उतरलं की खाली फेरी उभी असते, दहा मिनिटांत गावात. समोर डोंगर सरळ पाण्यात उतरलेला आणि त्याच्या पायथ्याशी जेमतेम जागेत एकावर एक बसलेली घरं, ती हळूहळू जवळ येत जातात. १८९० पर्यंत ह्या गावाला रस्ताच नव्हता, यायचं तर होडीने नाहीतर डोंगरातल्या अरुंद वाटेने, हे आधी वाचलं होतं पण त्या फेरीत बसल्यावर खरं कळलं. बाबा तर अख्खा वेळ रेलिंगला धरून उभेच होते.

आता खाण. लोक हीच सोडतात आणि मला ते खरंच पटत नाही, कारण हे गाव मिठामुळे आहे, तळं नंतर. इथे ७,००० वर्षांपासून मीठ काढतायत. फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने डोंगरावर ओढली जाणाऱ्या रुळांवरच्या गाडीने, वर गेलं की थोडं चालायचं, मग कपड्यांवरून घालायला त्यांचेच ओव्हरऑल देतात, आत साधारण ८ डिग्री असतं त्यामुळे उन्हाळ्यातही स्वेटर हवाच. जुन्या खाणकामगारांसारख्या दोन लाकडी घसरगुंड्या आहेत, मोठी ६४ मीटरची, मी दोन्हीवरून आलो, आईबाबा बाजूच्या पायऱ्यांनी आले. म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, पण चालणं बऱ्यापैकी आहे. ४ वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत.

आत एक लाकडी जिना ठेवलाय. २००३ मध्ये सापडला, इसवी सनपूर्व १३४४ च्या सुमारास तोडलेल्या लाकडाचा, आणि मिठामुळे अजून जसाच्या तसा. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी त्यावरून मिठाची ओझी वाहिलीत. मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही, गाईडला हाक मारावी लागली. १७३४ मध्ये इथे मिठात दबलेला एक माणूसही सापडला होता, प्राचीन काळचा खाणकामगार, पण तो ख्रिश्चन नसणार म्हणून तेव्हाच्या लोकांनी त्याला दफनभूमीच्या कडेला पुरून टाकलं, आज ते शरीर हाती असतं तर काय काय कळलं असतं! पुढे १८४६ ते १८६३ मध्ये रामसाउअर नावाच्या इथल्याच खाण अधिकाऱ्याने वरच्या दरीत ९८० च्या आसपास कबरी उकरल्या, प्रत्येकीची चित्रं काढून घेतली. त्या वस्तूंवरूनच युरोपातल्या लोहयुगाच्या सुरुवातीच्या काळाला, म्हणजे साधारण इसवी सनपूर्व ८०० ते ४५०, हॉलस्टॅट संस्कृती हे नाव पडलं. एवढ्याशा गावाचं नाव! सापडलेल्यातलं बरंच व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे पण थोडं गावातल्या म्युझियममध्येही बघायला मिळतं.

वरच्या चर्चशेजारी कवट्यांची खोली आहे, लहानशी. गावात पुरायला जागा कमी, म्हणून काही वर्षांनी कबर उघडून हाडं इथे आणून ठेवायचे आणि कवटीवर नाव, तारीख, फुलं-पानं रंगवायचे. १,२०० च्या वर कवट्या आहेत, त्यातल्या ६१० रंगवलेल्या. आईला आधी आत यायचंच नव्हतं, मग आली आणि म्हणाली, "अरे किती मायेने रंगवलंय हे." मलाही भीती अशी वाटलीच नाही.

स्कायवॉक, म्हणजे वर डोंगराच्या कडेवरून बाहेर काढलेला व्ह्यू पॉइंट, ठीक आहे, व्ह्यू भारी, गर्दीही तेवढीच.

गर्दीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. गावात आठशेही लोक राहत नाहीत आणि सीझनमध्ये दिवसाला हजारोंनी माणसं येतात. २०२३ मध्ये गावकऱ्यांनी रस्त्यावर येऊन निषेध केला होता. आम्ही राहिलो तिथल्या मालकीणबाईंच्या अंगणात लोक फोटोसाठी सरळ गेट उघडून शिरतात, आमच्यासमोरच दोनदा झालं. कृपया असं करू नका, ती राहती घरं आहेत, आणि ड्रोन तर नकोच.

शेवटच्या बसेस गेल्या की गाव एकदम शांत होतं. सकाळी सहाला मी आणि बाबा काठाने चालत गेलो, धुकं होतं, पाण्यात दोन हंस आणि कुणीतरी दुकानाची फळी उघडत होतं, बाकी कोणी नाही.

रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा खाण्याच्या किमतींमुळे कापला. जायच्या आधी खाण आणि फ्युनिक्युलर चालू आहे ना हे वेबसाइटवर नक्की बघा, थंडीत काही आठवडे बंद असतं. आणि फेरी ट्रेनच्या वेळेनुसार चालते, संध्याकाळी उशिरा नसते, तेव्हा परतीची शेवटची किती वाजता हे उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवा.