इन्स्टंट कॅमेरा घेतला, आईच्या रिटायरमेंटसाठी

फोनमध्ये हजारो फोटो पडलेत मग हा कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. पण आई ३१ वर्षांच्या नोकरीतून रिटायर होणार होती आणि काही करूया म्हटलं की तिचं एकच, "कशाला उगाच, काय मोठं केलंय मी". म्हणून आदल्या संध्याकाळी घरातलेच आठ जण जमलो आणि हा मिनी फिल्मवाला कॅमेरा बाहेर काढला.

फिल्मच्या एका पाकिटात फक्त १० फोटो. मला आधी ते फार कमी वाटलेलं, पण त्यामुळेच बटण दाबायच्या आधी दरवेळी हात थांबतो, आत्ता समोर जे चाललंय ते जपून ठेवायचंय का हे बघावं लागतं. फोटो बाहेर येतो तेव्हा कोरा असतो, मग साधारण दीड मिनिटात हळूहळू चेहरे उमटतात, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे फोन बाजूला टाकून एकाच कागदावर वाकलेलो (फोटो झटकू नका हां, त्याने लवकर येत नाही, सपाट ठेवून द्या). पोलरॉइड कंपनी काढणाऱ्या एडविन लँडला त्याच्या छोट्या मुलीने १९४३ मध्ये विचारलं होतं म्हणे, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही, आणि त्यातून १९४८ मध्ये पहिला इन्स्टंट कॅमेरा विक्रीला आला. तीच उत्सुकता मी त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर पाहिली.

त्रास पण आहे. बघायची खिडकी लेन्सच्या बाजूला असल्याने जवळून काढलं की फ्रेम सरकते, माझे दोन फोटो त्यात गेले, एकात तर बाबांचं अर्धं डोकंच नाही. फ्लॅश बंद करता येत नाही, मागचं सगळं काळं येतं. निगेटिव्ह नसते त्यामुळे दुसरी कॉपी नाही, फोनने फोटो काढून ठेवा आणि मूळ फोटो उन्हात ठेवू नका.

खालच्या पांढऱ्या पट्टीवर प्रत्येकाने मार्करने आईसाठी एकेक ओळ लिहिली. भावाने लिहिलं, "माझी फी कधी चुकली नाही". ती ओळ आईने चष्मा लावून दोनदा वाचली, बोलली काहीच नाही.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.

सकाळी ऑफिसला निघताना तिनेच विचारलं, "एक उरलाय ना गं त्यात?" ओळखपत्र त्या दिवशी परत द्यायचं होतं, ते गळ्यात घालून ती दारात सरळ उभी राहिली.